आलेले पत्र जसेच्या तसे : ई-मेल लायब्ररींच्या अभ्यासाची प्रस्तावना

ई-मेलच्या बहुतेक प्रोग्राममध्ये ‘मूळ मजकूर दाखवा’ अशा अर्थाचा एक पर्याय कुठेतरी असतो. तो निवडला की ओळखीचे पत्र नाहीसे होते आणि रोमन अक्षरे, आकडे, चिन्हे यांची लांबलचक जंत्री समोर येते. सर्वांत वर पत्र कोणकोणत्या सर्व्हरवरून आले याच्या नोंदी असतात. त्या खालून वर वाचायच्या, कारण प्रत्येक सर्व्हर आपली नोंद आधीच्या नोंदींच्या डोक्यावर ठेवतो. त्याखाली पाठवणारा, घेणारा, विषय, तारीख. या सगळ्या ओळी म्हणजे हेडर. मग एक कोरी ओळ. कोऱ्या ओळीखाली पत्राचा मजकूर सुरू होतो, आणि पत्र मराठीत असेल तर बहुतेक वेळा त्यातले एक अक्षरही वाचता येत नाही. ही जंत्री नेटकी तयार करणे, आलेली जंत्री उलगडणे आणि ती मुक्कामी पोचवणे, ही तीन कामे ई-मेल लायब्ररी करते. या पुस्तकाचा विषय हाच आहे.

बहुतेक प्रोग्रामरची या लायब्ररीशी पहिली भेट घाईत होते. पावती पाठवायची असते, नाहीतर पासवर्ड बदलण्याची लिंक. सात-आठ ओळींचा कोड लिहिला की पत्र जाते, आणि यात अभ्यास करण्यासारखे काय आहे असे वाटणे साहजिक आहे. माझे मत असे की पत्र पाठवणे सोपे, आलेले पत्र समजून घेणे अवघड, आणि न समजलेला भागही न बिघडवता पुढे सोपवणे सर्वांत अवघड. लायब्ररीची खरी पारख या तिसऱ्या कामात होते. पुढची सगळी प्रकरणे या एका मुद्द्याभोवती लिहिली आहेत. नवख्या वाचकाने सुरुवातीपासून तो मनात ठेवला तर क्लिष्ट वाटणाऱ्या अनेक गोष्टींची कारणे आपोआप कळत जातील.

१९७१ साली अमेरिकेतल्या केंब्रिज गावी, बीबीएन या कंपनीत, रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप पाठवला आणि व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये ॲटचे चिन्ह ठेवले. पुढच्या दहा वर्षांत हेडर लिहिण्याचे नियम हळूहळू ठरत गेले. ऑगस्ट १९८२ मध्ये दोन दस्तऐवज एकापाठोपाठ आले. जॉन पोस्टेल यांच्या आरएफसी ८२१ ने पत्र एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे कसे सोपवायचे ते ठरवले. डेव्हिड क्रॉकर यांच्या आरएफसी ८२२ ने खुद्द पत्र कसे दिसावे ते ठरवले. २००१ आणि २००८ मध्ये दोन्हींच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, तरी हाडांचा सापळा तोच राहिला. म्हणूनच १९८२ चे साधे पत्र आजची लायब्ररी वाचू शकते. संगणकाच्या जगात इतका जुना आणि अजून रोज वापरात असलेला करार विरळा.

पण त्या करारात पत्र म्हणजे सात बिटांच्या अ‍ॅस्की अक्षरांच्या ओळी, एवढेच गृहीत धरले होते. जगातल्या बहुतेक भाषांना त्यात जागा नव्हती, आणि चित्र किंवा आवाज पाठवण्याची सोयही नव्हती. नथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये माइम हे मानक मांडले. मार्चमध्ये बोरेनस्टाइन यांनी पाठवलेल्या एका पत्राला त्यांच्या चौघांच्या गायन-चमूचा फोटो आणि गाण्याचे ध्वनिमुद्रण जोडलेले होते. आज आपण ज्याला सरळ अटॅचमेंट म्हणतो त्याची सुरुवात या पत्राने झाली असे मानले जाते.

माइमची जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती म्हणजे त्याने जुने काहीही मोडले नाही. माइम ज्यांना ठाऊक नाही अशा सर्व्हरांनाही ते पत्र अ‍ॅस्कीच्या ओळींसारखेच दिसते आणि ते त्याला निमूटपणे पुढे पाठवतात. नवा अर्थ सगळा जुन्या चौकटीच्या आत बसवला आहे. पत्राचे अनेक भाग करायचे असतील तर हेडरमध्ये एक सीमारेषेची खूण जाहीर करायची आणि प्रत्येक भागाआधी, दोन आडव्या रेघा देऊन, ती खूण लिहायची. भागाच्या आत पुन्हा भाग असू शकतात. त्यामुळे वरून सरळ ओळींची यादी वाटणारे पत्र प्रत्यक्षात एक झाड असते. एका फांदीवर साधा मजकूर आणि तोच मजकूर एचटीएमएलमध्ये, असे दोन पर्याय. एचटीएमएलच्या फांदीला लागून त्यात दिसणारी चित्रे. बाजूला जोडलेली पीडीएफ. पत्राचा मजकूर कोणता, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, कारण त्याचे उत्तर झाडाच्या आकारावर अवलंबून असते. नवखा प्रोग्रामर पहिला भाग उचलतो आणि पहिल्याच गुंतागुंतीच्या पत्रात अडकतो.

देवनागरीचे यात काय होते ते थोडे सविस्तर पाहू, कारण मराठी वाचकाला या क्षेत्रात शिरायला याहून चांगला दरवाजा नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. चिन्ह म्हणजे आपण उच्चारतो ते अक्षर नाही. व्यंजन, काना, वेलांटी, पायमोडीचा हलन्त, हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अशी दहा चिन्हे आहेत, म्हणजे तीस बाइट. हे बाइट सात बिटांच्या वाटेवरून न्यायचे तर माइममध्ये दोन पद्धती आहेत. बेस-६४ ही पद्धत तीन बाइटांची चार अ‍ॅस्की अक्षरे करते. आपले चिन्ह नेमके तीन बाइटांचे असल्याने शुद्ध देवनागरी मजकुरात प्रत्येक चिन्हाची बरोबर चार अक्षरे होतात आणि ‘महाराष्ट्र’ चाळीस अक्षरांत मावतो. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक बाइट बरोबरचे चिन्ह आणि दोन अंक-अक्षरे असा लिहिला जातो. त्यात एका चिन्हाची नऊ अक्षरे होतात आणि तोच शब्द नव्वदवर जातो. ही दुसरी पद्धत फ्रेंच किंवा जर्मनसाठी सोयीची आहे, कारण तिथे बहुतेक अक्षरे साधी असतात आणि एखाद्यावरच खूण असते. मराठीसाठी ती उधळपट्टी आहे. कोणती पद्धत निवडायची हे चांगली लायब्ररी मजकूर मोजून ठरवते. तिने ते कसे ठरवले हे तपासणे हा विद्यार्थ्यासाठी उत्तम पहिला अभ्यास आहे.

विषयाच्या ओळीची गोष्ट आणखी नाजूक. हेडरमध्ये अ‍ॅस्कीबाहेरचे काही लिहायचे तर ते ठरावीक वेष्टनात गुंडाळावे लागते. आधी अक्षरसंचाचे नाव, मग पद्धतीचे आद्याक्षर, मग सांकेतिक मजकूर. अशा एका तुकड्याची लांबी वेष्टनासकट ७५ अक्षरांपेक्षा जास्त असता कामा नये. यूटीएफ-८ आणि बेस-६४ यांचे वेष्टन बारा अक्षरे खाते. उरलेल्या ६३ मध्ये चारचे पूर्ण गट बसतात पंधरा, म्हणजे देवनागरीची पंधरा चिन्हे. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना’ एवढा विषयसुद्धा एका तुकड्यात मावत नाही. तो तोडावा लागतो, आणि मानक बजावून सांगते की तोडताना एकाही चिन्हाचे बाइट दोन तुकड्यांत विभागू नयेत. घाईने लिहिलेला कोड बाइट मोजून कुठेही कापतो. मग विषयाच्या मध्येच काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हे उमटतात आणि वाचणाऱ्याला वाटते की फॉन्टच बिघडला.

मराठी पत्र बिघडण्याचा आणखी एक ओळखीचा प्रकार आहे. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्यामागे चलनाचे गोल चिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह, असे पानभर पुन:पुन्हा दिसते. त्याचा उलगडा सोपा आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो, आणि दुसरा बाइट दोन ठरावीक बाइटांपैकी एक. अक्षरसंच जाहीर केला नसेल आणि वाचणाऱ्या प्रोग्रामने पश्चिम युरोपचा संच धरला, तर पहिला बाइट ‘ए’ होतो आणि दुसरा चलन किंवा येन. बहुतेक अक्षरे चलनाच्या गटात येतात, तर उकार, एकार, दीर्घ वेलांटी आणि हलन्त येनच्या. हे एकदा समजले की अशा पानाकडे पाहून काय बिघडले ते सांगता येते, आणि मूळ बाइट शाबूत असतील तर पत्र पूर्ववत करता येते. सगळा प्रश्न ते शाबूत आहेत की नाहीत एवढाच असतो.

पत्त्यांचे व्याकरण हा या क्षेत्रातला सर्वांत फसवा भाग. आडनाव, स्वल्पविराम आणि मग नाव असे लिहिण्याची पद्धत अनेक कार्यालयांत आहे. ते अवतरणात घातले नाही तर लायब्ररी एका माणसाचे दोन पत्ते करते. आरएफसी ८२२ ने पत्त्यात कंसातल्या टिपांना, कंसात कंसाला आणि अवतरणातल्या मोकळ्या जागांनाही परवानगी दिली आहे. ते सगळे व्याकरण एका रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये उतरवण्याचा प्रयत्न पर्ल भाषेत झाला, तेव्हा ती सहा हजारांहून अधिक अक्षरांची झाली. अवतरणातल्या मोकळ्या जागेचा किती गंभीर परिणाम होऊ शकतो हे डिसेंबर २०१६ मध्ये पीएचपीमेलर या अतिशय लोकप्रिय लायब्ररीत दिसले. व्याकरणाच्या दृष्टीने वैध असा पाठवणाऱ्याचा पत्ता सेंडमेल या टपाल-सर्व्हरच्या आज्ञेला जोडला जाई, आणि त्यातल्या मोकळ्या जागांमुळे हल्लेखोराला त्या आज्ञेत आपले पर्याय घुसवता येत. पहिली दुरुस्ती अपुरी ठरली आणि लगेच दुसरी करावी लागली. पत्ता वैध आहे एवढ्यावरून तो निर्धोक ठरत नाही, हे या प्रकरणाने दाखवले.

तारखेचीही एक बाब इथे सांगून ठेवतो. पत्राच्या तारखेतले वार आणि महिने नेहमी इंग्रजीच्या तीन अक्षरांत असतात, आणि मागे साडेपाच तासांचा आपला फरक तास-मिनिटांत लिहिलेला असतो. संगणकाची भाषा मराठी ठेवलेली असताना कोणी तारीख हाताने घडवली तर तिथे ‘गुरु’ किंवा ‘जाने’ येते आणि ती ओळ अवैध होते. तारीख लायब्ररीकडूनच घ्यावी.

या पुस्तकातली बहुतेक उदाहरणे पायथनच्या ईमेल पॅकेजची आहेत. ते सर्वांत वेगवान किंवा सर्वांत काटेकोर आहे असा माझा दावा नाही. मी ते निवडले कारण त्याच्या इतिहासात या क्षेत्राचे सगळे अवघड प्रश्न उघडपणे सोडवलेले दिसतात. ते मुळात बॅरी वॉर्सा यांनी लिहिले आणि २००१ च्या अखेरीस पायथन २.२ सोबत आले. वॉर्सा मेलमन या टपालयादी चालवणाऱ्या प्रणालीवरही काम करत. अशा प्रणालीत रोज दुसऱ्यांची पत्रे आत येतात आणि शेकडो लोकांकडे जातात. पत्र उलगडले, त्यात काही बदलले नाही आणि पुन्हा लिहिले, तर ते मुळासारखेच उतरले पाहिजे, हा हेतू पॅकेजमध्ये सुरुवातीपासून आहे. कोणत्या गरजेतून तो आला हे वेगळे सांगायला नको.

२००८ च्या डिसेंबरात पायथन ३ आले आणि त्याने मजकूर व बाइट यांची काटेकोर फारकत केली. ती योग्यच होती, पण ईमेल पॅकेज त्यात कोंडीत सापडले. पत्र बाइटांच्या रूपात येते, त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या अक्षरसंचांत असतात, आणि काही भाग कोणत्या संचात आहेत हे पाठवणाऱ्याने सांगितलेलेच नसते. पहिल्या दोन आवृत्त्यांत पॅकेजला फक्त मजकूर उलगडता येई, बाइट नाही. आर. डेव्हिड मरे यांनी फेब्रुवारी २०११ च्या ३.२ आवृत्तीत ही कोंडी फोडली. जे बाइट ओळखता येत नाहीत त्यांना युनिकोडमधल्या, एरवी मजकुरात येऊच न शकणाऱ्या १२८ राखीव जागांवर बसवायचे, आणि पत्र बाहेर जाताना तिथून उचलून पुन्हा मूळ बाइट करायचे. न समजलेल्या गोष्टीचा अंदाज बांधायचा नाही, ती फेकायचीही नाही, जपून ठेवायची. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

मरे यांनीच पुढे धोरणाची कल्पना आणली. ओळी कुठे मोडायच्या, हेडर किती काटेकोरपणे तपासायचे, चूक सापडली तर थांबायचे की टिपून पुढे जायचे, हे सगळे एका धोरण-वस्तूत सांगता येते. २०१४ च्या ३.४ मध्ये नवा ईमेल-मेसेज वर्ग आला आणि २०१६ च्या ३.६ मध्ये तो प्रायोगिक न राहता पक्का झाला. एक इशारा मात्र लक्षात असू द्या. धोरण स्पष्ट न देता पार्सरला बोलावले तर तो अजूनही जुन्याच धोरणाने वागतो, कारण जुने प्रोग्राम मोडू नयेत. विद्यार्थ्यांच्या गोंधळाचे मोठे मूळ इथे आहे, तरी मी तो निर्णय बरोबरच मानतो.

पार्सर बिघडलेल्या पत्रावर रुसत नाही, हेही त्याचे वैशिष्ट्य. शेवटची सीमारेषा नसेल, हेडर आणि मजकूर यांच्यामधली कोरी ओळ हरवली असेल, तरी तो जमेल तेवढे झाड उभे करतो आणि काय काय चुकले त्याची यादी त्या त्या भागाला जोडून देतो. ही यादी फार थोडे लोक उघडून पाहतात. तुम्ही पाहा, कारण टपालातली पत्रे मानकापासून किती दूर जातात हे तिथेच कळते.

देताना काटेकोर आणि घेताना उदार असावे, असे पोस्टेल यांनी १९८० च्या सुमारास सांगितले होते. टपाल त्या वृत्तीवरच जगले. पण उदारतेची किंमतही असते, आणि ती डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट दिसली. एसएमटीपीमध्ये, म्हणजे आरएफसी ८२१ ने ठरवलेल्या पत्र सोपवण्याच्या पद्धतीत, पत्र संपले हे सांगायला एक ओळ लागते, जिच्यात फक्त एक पूर्णविराम असतो. त्या ओळीचे टोक नेमके कसे असावे हे मानकात ठरलेले आहे, पण काही सर्व्हर अर्धवट टोकही मान्य करत होते. दोन सर्व्हरांचे यावर एकमत नसेल तर एकाला जे एकच पत्र वाटते ते दुसऱ्याला दोन वाटतात, आणि दुसरे पत्र बनावट पत्त्याने आत शिरते. या प्रकाराला एसएमटीपी स्मगलिंग म्हणतात. पोस्टफिक्स, एक्झिम, सेंडमेल अशा मातब्बर सर्व्हरांना दुरुस्त्या कराव्या लागल्या. उदार कुठे असावे आणि कुठे नाही, यावर या क्षेत्रात अजून वाद चालू आहे. माझ्या मते पत्राच्या मजकुरापुरते उदार राहावे, पण दोन पत्रांमधल्या सीमेवर तसूभरही ढील देऊ नये.

पत्र जसेच्या तसे राखण्याला आता सहीचेही कारण आहे. डीकेआयएम या पद्धतीत पाठवणारा सर्व्हर पत्राच्या मजकुरावर आणि निवडक हेडरांवर सही करतो. मधल्या कोणी मजकुरातली ओळ वेगळ्या ठिकाणी मोडली तरी सही जुळत नाही आणि खरे पत्र संशयास्पद ठरते. पत्र उघडून पुन्हा बांधणाऱ्या प्रत्येक लायब्ररीला हा धाक आहे.

पाठवण्याविषयी थोडक्यात. एसएमटीपीत सर्व्हरला जे पत्ते सांगितले जातात ते पाकिटावरचे, आणि हेडरमध्ये असतात ते आतल्या कागदावरचे. दोन्ही सारखे असण्याचे बंधन नाही. गुप्त प्रत याच फरकामुळे शक्य होते: पाकिटावर नाव असते, कागदावर नसते. न पोचलेले पत्र परत येते तेही पाकिटावरच्या पत्त्यावर. हा भेद पक्का झाला की एसएमटीपीचे उरलेले संवाद एका बैठकीत समजतात. इतर भाषांत काम करणाऱ्यांनी जाकार्ता मेल, जेफ्री स्टेडफास्ट यांचे माइमकिट आणि नोडमेलर अवश्य पाहावे. माइमकिटचा पार्सर तर ओळ न् ओळ वाचण्याजोगा आहे.

आता जे काम अजून व्हायचे आहे ते. २०१२ मध्ये मानकांनी ॲटच्या डाव्या बाजूलाही कोणत्याही लिपीतले नाव मान्य केले, आणि २०१४ मध्ये देवनागरीतले ‘.भारत’ डोमेन सुरू झाले. म्हणजे संपूर्ण देवनागरी पत्ता आता कायदेशीर आहे. डोमेनचा भाग जुन्या सर्व्हरसाठी रोमन रूपात बदलता येतो, पण डाव्या नावाला तशी पळवाट नाही. वाटेतल्या एका सर्व्हरला नवे मानक येत नसेल तर पत्र तिथेच अडते. पायथनची एसएमटीपी लायब्ररी ३.५ पासून असे पत्ते पाठवू शकते, आणि समोरच्या सर्व्हरला ते येत नसतील तर स्पष्ट त्रुटी देऊन थांबते. पत्ता गुपचूप बदलून पत्र भलत्याच पेटीत टाकण्यापेक्षा हे किती तरी बरे.

इथे खास मराठीचा असा एक प्रश्न उरतो, आणि त्याकडे मराठी प्रोग्रामरांनीच लक्ष द्यायला हवे. ‘कऱ्हाड’ हे नाव युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येते. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइट निराळे आहेत. मानकाने सुचवलेले युनिकोडचे प्रमाणीकरणही त्या दोघांना एक करत नाही. ‘कऱ्हाड’ नावाची टपालपेटी उघडली तर एका कळफलकावरून पाठवलेले पत्र तिच्यात पोचेल आणि दुसऱ्यावरून पाठवलेले परत येईल. लायब्ररीने स्वतःहून एक रूप दुसऱ्यात बदलायचे नाही, कारण ॲटच्या डावीकडच्या नावाचा अर्थ लावण्याचा अधिकार फक्त शेवटच्या सर्व्हरचा आहे. म्हणून दुरुस्ती तिथेच व्हायला हवी: पेटी उघडतानाच दोन्ही रूपे एका खात्याला जोडून घेणे. शेवटच्या प्रकरणात त्यासाठीच्या कोडचा एक आराखडा दिला आहे. तो अपुरा आहे, आणि वाचकांपैकी कोणी तो पूर्ण करावा या इच्छेनेच दिला आहे.